मनात नसताना लांबलेल्या, मनात असून संपलेल्या गप्पा

दिवेलागण

नमस्कार मंडळी,

गप्पा सुरू कशा कराव्यात यावर भरपूर सल्ले मिळतात. हवापाणी विचारा, समोरच्याच्या आवडीचं बोला, हसतमुख राहा. पण चालू असलेल्या गप्पा थांबवायच्या कशा, यावर कुणी काही बोलत नाही. मला तर तेच जास्त अवघड वाटतं.

माझी एक जुनी मैत्रीण आहे. तिचा फोन आला की मला मनापासून आनंद होतो. कामाचं काहीच नसतं. दिवस कसा गेला, कोण काय म्हणालं, झोप नीट लागते का, एवढंच. पण एका टप्प्यानंतर माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं. मी "बरं मग" म्हणते. तीही "बरं मग" म्हणते. आणि लगेच "अगं, एक सांगायचंच राहिलं" म्हणून नवा विषय निघतो. तिला तोडायला जीभ रेटत नाही. फोन ठेवल्यावर चिडचिड होते, आणि मग आपण चिडलो याचंच वाईट वाटत राहतं.

तर प्रश्न दोन. मैत्रीतल्या, रोजच्या, बिनकामाच्या गप्पा तुम्ही कशा आवरत्या घेता? आणि समोरच्याला आता उठायचंय हे तुम्हाला खरंच कळतं का?

खारुताई

अगदी मनातला धागा! आमच्याकडे "चल, ठेवते" म्हटल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात. त्याआधीची सगळी नांदी.

वाटसरू

यात अवघड काय आहे? मी सरळ सांगतो, "मला आता जायचंय, पुन्हा बोलू." आजवर कुणी रागावलेलं नाही.

खारुताई

@वाटसरू, रागावलेली माणसं ते सांगायला पुन्हा फोन कशाला करतील? दिवा घ्या हो, म्हणजे हलकं घ्या.

टिपूर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : बहुतेकांना कळत नाही. यावर चक्क अभ्यास झालाय.

२०२१ मध्ये अ‍ॅडम मास्त्रोयानी, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकूण ९३२ संभाषणांची माहिती गोळा केली. काही लोकांना त्यांच्या जवळच्या माणसाशी झालेल्या अगदी अलीकडच्या बोलण्याबद्दल विचारलं. काही अनोळखी जोड्यांना एका खोलीत बसवून सांगितलं, हवं तितका वेळ बोला. नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, "तुम्हाला हे कधी संपावंसं वाटत होतं?"

दोघांनाही हवं होतं नेमकं तेव्हा संपलेली संभाषणं निघाली जेमतेम २ टक्के. हवा असलेला वेळ आणि प्रत्यक्षात गेलेला वेळ यांतली तफावत सरासरीने संभाषणाच्या निम्म्या लांबीएवढी होती.

आता गंमत पाहा. सगळ्यांच्याच गप्पा नको तितक्या लांबल्या असं मुळीच नाही. अजून बोलायचं असूनही थांबलेले लोकही होते, आणि समोरच्याला नेमकं काय हवंय याचा बहुतेकांना नीट अंदाज नव्हता. आपण दोघंही आपली खरी इच्छा सभ्यपणे झाकून ठेवतो, म्हणून दोघांनाही ती दिसत नाही. दिवेलागण, तुमची मैत्रीण हट्टी आहे असं समजू नका. तिला तुमचा कंटाळा दिसतच नसेल, कारण तुम्ही तो छान लपवताय.

वाटसरू

म्हणजे माझंच बरोबर. सरळ सांगावं.

निळाई

@वाटसरू, सरळ सांगणं बरोबर असेल, पण प्रत्येक माणसाशी नाही.

माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. रोज रात्री फोन असतो. सुरुवातीला ठरलेलं सगळं होतं. ऊन किती होतं, वर्तमानपत्रात काय आलं, शेजारी कोण येऊन गेलं. सगळं "ठीक आहे, मजेत आहे." मग मी विचारते, "ठेवू का बाबा?" आणि तेव्हा कुठे ते म्हणतात, "हो, ठेव. काल जरा चक्कर आल्यासारखं झालं होतं, पण आता बरं आहे."

हे मी इतक्या वेळा अनुभवलंय की आता "ठेवू का" विचारल्यावर मी मुद्दाम गप्प बसते. घाई करत नाही. खरी बातमी त्या जागेतच येते. मी सरळ "बाबा, मला काम आहे" म्हणून ठेवून दिलं असतं तर चक्कर आल्याचं मला कधीच कळलं नसतं.

सावरी

निळाई, तुमचं पोस्ट वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर आहे, आणि हे माझ्या कामात रोजचं आहे. पेशंट गुडघेदुखीसाठी येतो. तपासणी होते, औषध लिहून होतं, तो उठतो, दारापर्यंत जातो आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणतो, "आणि हो डॉक्टर, हल्ली छातीत जरा जड वाटतं." आमच्या शिक्षणात याला नावच आहे, दाराच्या मुठीवरून. अवघड, भीतीची किंवा लाजेची गोष्ट माणूस शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवतो, कारण तिथून लगेच निघून जाता येतं.

म्हणून मी आता सुरुवातीलाच विचारते, "आज अजून काय काय बोलायचंय?" आधी हे विचारलं तर निम्म्या वेळा दाराशी थांबावं लागत नाही. उरलेल्या वेळी मी पुन्हा खुर्ची पुढे ओढते. बाहेर रांग असली तरी. त्या वाक्यावर पेशंटला घाईने वाटेला लावणं मला पटत नाही.

अक्षरबाग

तिघींच्या पोस्ट एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी संभाषणाच्या अभ्यासाची विद्यार्थिनी आहे.

इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोघांनी १९७३ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला : संभाषण संपतं कसं? ध्वनिमुद्रित केलेले साधे टेलिफोन कॉल त्यांनी ओळ न् ओळ तपासले. त्यांच्या लक्षात आलं की आपण "अच्छा, ठेवते" वर थेट उडी मारत नाही. त्याआधी एक पायरी असते. एक जण "बरं", "चला", "ठीक आहे मग" असं काहीतरी म्हणतो, ज्यात विषय काहीच नसतो. त्याचा अर्थ असतो : माझ्याकडून नवीन काही नाही, तुझ्याकडे काही राहिलंय का? दुसऱ्यानेही "बरं" म्हटलं की मगच निरोप. आणि त्याला काही आठवलं तर ते सांगायला ही अगदी रास्त जागा आहे.

म्हणजे दिवेलागण, तुम्ही "बरं मग" म्हणता तेव्हा तुमच्या मनात पूर्णविराम असतो, पण मैत्रिणीच्या कानावर आमंत्रण पडतं. ती नियम मोडत नाही, पाळते आहे. निळाईंच्या वडिलांनी चक्कर सांगितली ती याच जागेत. सावरीताईंचा पेशंट दाराशी थांबतो तोही इथेच. ही जागा सगळ्यांसाठी बंद केली तर खूप काही हरवेल. ज्या दिवशी खरोखर उठायचं असेल त्या दिवशी "बरं मग"वर भिस्त ठेवू नका, एवढंच.

दिवेलागण

अक्षरबाग, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. आमंत्रण! या बाजूने विचारच केला नव्हता. मग खरोखर उठायचं असेल तेव्हा काय म्हणायचं?

ध्रुवबाळ

काहीच म्हणायचं नाही. फोनच करायचा नाही. मेसेज करा!

मेसेजमधल्या गप्पा संपवाव्या लागत नाहीत, हेच त्यांचं सुख आहे. मी आणि माझा मित्र शाळेपासून एकच संभाषण करतोय. तो सकाळी काहीतरी टाकतो, मी संध्याकाळी उत्तर देतो. नमस्कार नाही, निरोप नाही. कुणी कुणाला धरून ठेवत नाही.

निळाई

ध्रुवबाळ, आणि निळी टिक दिसून दोन दिवस उत्तर आलं नाही की?

ध्रुवबाळ

मग तो कामात असेल. किंवा झोपला असेल. त्यात काय?

खारुताई

हा आत्मविश्वास बाजारात मिळत असता तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते. माझ्या मेसेजवर नुसता अंगठा आला तरी मी सगळं संभाषण वरपासून वाचून काढते, कुठे काही लागेलसं बोलले का म्हणून.

ध्रुवबाळ

अंगठा म्हणजे "वाचलं, पटलं" एवढंच असतं हो ताई!

टिपूर

अवांतर : या गोंधळाला जुना इतिहास आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी संगणकावरच्या सूचनाफलकावर सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी, आडवं पाहिलं की हसरा चेहरा दिसेल. कारण काय, तर गमतीत लिहिलेलं लोक खरं मानून बसत होते. आपला "दिवा घ्या" त्याच कुळातला. फक्त खुणा आल्या म्हणून प्रश्न सुटला नाही. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ईमेल लिहिणाऱ्याला वाटतं आपला उपरोध वाचणाऱ्याला सहज कळेल. प्रत्यक्षात वाचणारे जेमतेम अंदाजाने सांगता येईल इतपतच ओळखू शकले. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तर बरंच नीट कळलं.

वाटसरू

म्हणून फोनच बरा. आवाजात माणूस कळतो.

सावरी

वाटसरू, या वेळी तुम्हाला +१. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी जुन्या मित्रांशी पुन्हा संपर्क साधायला लोकांना सांगितलं होतं. फोनवर बोलणं अवघडल्यासारखं होईल असं लोकांना आधी वाटत होतं. ज्यांनी फोन केला त्यांना ईमेल करणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली, आणि अवघडलेपण काही वाढलं नाही.

कुंभार

सगळ्यांचं वाचलं. आता माझं वेगळं मत मांडतो.

गप्पा संपवणं अवघड जातं कारण त्यात धरून ठेवण्यासारखं काही नसतं. ज्या बोलण्याला विषय असतो ते विषय संपला की आपोआप संपतं. "काय मग, काय विशेष?" "काही नाही, तुझं काय?" याला शेवट कुठून येणार? मला अशा बोलण्याचा मनापासून कंटाळा येतो. लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, लग्नाच्या हॉलमध्ये. मी भेटलेल्या माणसाला विचारतो, "तुम्हाला सध्या कशाची काळजी वाटते?" काही जण दचकतात. पण जे उत्तर देतात त्यांच्याशी झालेलं बोलणं वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

खारुताई

कुंभारकाका, लिफ्टमध्ये?? तिसऱ्या मजल्यापर्यंत?

कुंभार

माझं ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे. बऱ्यापैकी होतं बोलून.

अक्षरबाग

कुंभार यांच्या बाजूनेही पुरावा आहे बरं का. मायकल कार्दास, कुमार आणि एप्ली यांच्या २०२१ मधल्या प्रयोगांत अनोळखी लोकांना खोलवरचे प्रश्न एकमेकांना विचारायला लावले होते. आधी सगळ्यांना वाटलं, फार अवघडल्यासारखं होईल. झाल्यावर म्हणाले, वाटलं होतं तितकं नव्हतं, आणि जवळीक अपेक्षेपेक्षा जास्त वाटली. समोरच्याला आपल्यात रस नसेल हा आपला अंदाज बहुधा चुकतो.

पण "काय विशेष"ला मी टाकाऊ म्हणणार नाही. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रियंड बेटांवर राहून लोकांचं बोलणं ऐकलं आणि १९२३ मध्ये लिहिलं की अशा बोलण्यात माहितीची देवाणघेवाण हा हेतूच नसतो. मी इथे आहे, तू इथे आहेस, आपल्यात वैर नाही, हे सांगण्यासाठी ते बोलणं असतं. गप्प उभा असलेला अनोळखी माणूस भीतिदायक वाटू शकतो. हवेबद्दल एक वाक्य बोलला की ती भीती जाते.

पाणकोंबडी

मी बरीच वर्षं रोमात आहे, म्हणजे नुसती वाचते, लिहीत नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कुंभार यांचा मुद्दा समजला, पण माझ्याकडून दुसरी बाजू सांगते. निवृत्त झाले, मुलं लांब, यजमान गेले. आता असे दिवस असतात की संध्याकाळी मी काही बोलायला तोंड उघडते तेव्हा लक्षात येतं, आज आपला आवाज आपण पहिल्यांदाच ऐकतोय. नोकरीत असताना मैत्रिणी कोण आणि नुसत्या ओळखीच्या कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर मैत्रिणी टिकल्या. गेल्या त्या ओळखीच्या. टपाल देणारा मुलगा, शेजारच्या टेबलवरची बाई, गेटवरचा रखवालदार. त्यांच्याशी "आज उशीर झाला?" यापलीकडे कधी बोलले नव्हते, आणि आता तेच सगळ्यात जास्त आठवतं.

त्यामुळे कुणी मला "काय विशेष?" विचारलं तर ते मला पोकळ वाटत नाही. मला विचारलं, हेच विशेष असतं.

निळाई

पाणकोंबडीताई, लिहीत राहा. खरंच.

सावरी

+१००. ताई, तुम्हाला आठवणारी ही नुसती ओळखीची माणसं, त्यांच्याबद्दल जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये लिहिलंय. ज्या दिवशी अशा जुजबी ओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त आनंदी आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटलं. तुम्हाला जे जाणवतंय ते खरं आहे, हळवेपणा म्हणून सोडून देऊ नका. शक्य असेल तर रोज ठरावीक वेळी एकाच ठिकाणी जात जा. वाचनालय, बाग, काहीही. तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसले की बोलणं आपोआप सुरू होतं.

कुंभार

पाणकोंबडीताई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. माझं मत माझ्यापुरतं कायम आहे, पण उद्यापासून गेटवर थांबून बोलेन. विषय रखवालदाराने निवडावा.

गुणगुण

वर सगळे "संपवायचं कसं" म्हणतायत. माझी अडचण उलटी आहे, मला सुरूच होऊ देत नाहीत. मी तोतरं बोलतो. लहानपणापासून.

गप्पांमध्ये एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो माहितीये? साधारण २०० मिलिसेकंद. २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १० भाषांमधली संभाषणं मोजली. जपानीत हे अंतर जवळपास शून्य होतं, डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण सगळ्या भाषांमध्ये कल एकच, कमीत कमी फट आणि कमीत कमी एकमेकांवर बोलणं. मनातलं बोलायला तयार करण्यासाठी मेंदूला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो.

या वेगात मी कुठे शिरणार? माझा पहिला आवाज यायलाच कधी कधी तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात समोरचा माझं वाक्य पूर्ण करून टाकतो. बहुतेक वेळा प्रेमानेच करतो. आणि बहुतेक वेळा मला जे म्हणायचं असतं ते ते नसतंच. मग मी मान डोलावतो, कारण "नाही, तसं नाही" म्हणायला अजून वेळ लागेल. घोळक्यात बसलो की लोकांना मी अबोल वाटतो. मी अबोल अजिबात नाही. माझ्याकडे किस्से खूप आहेत.

वाटसरू

गुणगुण, मनापासून विचारतो. समोरच्याने काय केलं तर तुम्हाला बरं वाटतं?

गुणगुण

विचारलंत, आभारी आहे. माझं वाक्य माझ्याकडे राहू द्या. नजर दुसरीकडे वळवू नका. "सावकाश बोल, घाबरू नको" म्हणू नका, मी घाबरलेलो नसतो. शब्द येईपर्यंत नेहमीसारखे थांबा आणि मी कसं बोललो याऐवजी काय बोललो त्याला उत्तर द्या. बस.

आणि एक, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचं थोडं माझ्यासारखंच होतं. आवाज पोचायला उशीर झाला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तू बोल, तू बोल" चालतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असं आहे ते याचसाठी. तेव्हा लोक किती वैतागतात! ते आठवून माझ्यासाठी दोन सेकंद थांबत जा.

खारुताई

गुणगुण, एक किस्सा टाकाच. इथे तुमचं वाक्य कुणी पूर्ण करू शकत नाही.

गुणगुण

टाकतो, वेगळा धागा काढून. लांबलचक असेल, तयारीत राहा.

टिपूर

गुणगुण यांनी घोळक्याचा उल्लेख केलाय म्हणून : रॉबिन डनबार यांचं निरीक्षण आहे की एका संभाषणात चारच माणसं टिकतात. पाचवं आलं की थोड्या वेळात त्याचे दोन तुकडे पडतात. पुढच्या वेळी माणसं जमली की मोजून पाहा. गुणगुण, तुम्ही दोघातिघांत बसलात तर तुमची पाळी लवकर येईल आणि तोडणारे कमी असतील.

निळाई

एक भर घालते. ऐकणाऱ्याचं लक्ष नसेल तर सांगणाऱ्याचंच बिघडतं. जॅनेट बॅव्हलास आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या एका प्रयोगात लोकांना आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायचा होता. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप दुसरं काम दिलं होतं, सांगणाऱ्याच्या बोलण्यात ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मोजण्याचं. ते कान देऊन ऐकत होते, पण "अरे बापरे", "मग?" असं त्यांच्याकडून येईना. तर सांगणाऱ्यांचे किस्से घसरले, विशेषतः शेवट. कुणी शेवट पुन्हा पुन्हा सांगत राहिलं, कुणी गुंडाळला.

म्हणून मोबाईलमध्ये बघत "हं, हं" करणाऱ्यांचा मला इतका राग येतो. तुमच्यामुळे माझी गोष्ट खराब होते!

ध्रुवबाळ

हे माझ्या आईने लिहिलंय का?

दिवेलागण

धागा कुठून कुठे गेला, आणि मला ते फार आवडलं. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे हो. "बरं मग" चालत नाही हे कळलं. मग काय चालतं?

अक्षरबाग

तुमचा प्रश्न मधेच राहिला खरा. मला उपयोगी पडलेलं सांगते.

कारण बोलण्याच्या बाहेरचं द्यावं. "मला आता निघायलाच हवं, दाराशी माणूस उभा आहे" यात मैत्रिणीवर काही येत नाही. पण खरं कारण असेल तरच द्या, खोटं एकदा पकडलं गेलं की पुढची सगळी खरी कारणंही संशयात जातात. दुसरं, पुढच्या बोलण्याचा एक धागा आत्ताच बांधून ठेवा. "त्या मुलाखतीचं काय झालं ते गुरुवारी सांग." शेग्लॉफ आणि सॅक्स यांच्या नोंदींमध्येही लोक निरोपाआधी असं काहीतरी ठरवताना दिसतात. पुन्हा बोलायचंय याची खात्री मिळाली की माणूस आज सगळं सांगून टाकायची घाई करत नाही.

निळाई

आणि वेळ आधीच सांगा, शेवटी नाही. मी बाबांना फोन लावतानाच म्हणते, "आज अर्धा तास आहे आपल्याकडे." शेवटी सांगितलं तर ते नको म्हटल्यासारखं लागतं. सुरुवातीला सांगितलं की ते वेळ राखून ठेवल्यासारखं वाटतं. बाबाही हल्ली चक्कर वगैरे पहिल्या दहा मिनिटांत सांगायला लागलेत.

सावरी

हेच मी दवाखान्यात करते! निळाई, आमच्याकडे या शिकवायला.

वाटसरू

माझंही ऐका. सरळ सांगायचं, पण सांगताना आवाजात घाई नको. "खूप छान वाटलं बोलून, आता ठेवतो." आणि खरंच ठेवायचा. ठेवतो म्हणून आपणच पुढे दहा मिनिटं बोललो तर समोरच्याने आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा?

पाणकोंबडी

एक विचारू का, दिवेलागण? मैत्रिणीला कधी विचारलंत का, तिला किती वेळ बोलायचं असतं?

दिवेलागण

पाणकोंबडीताई, तुमचं वाचून काल विचारलंच. टिपूर यांनी दिलेल्या माहितीवरून मला वाटत होतं की तीही माझ्यासाठीच ताणत असेल, आणि दोघी मनमोकळ्या हसू. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "तू बरं-बरं करायला लागलीस की मला स्पष्ट कळतं. पण मला अजून बोलायचं असतं, म्हणून मी कळलं नाही असं दाखवते. दिवसभरात माझं एवढंच बोलणं होतं."

मला हे अजिबात माहीत नव्हतं. ती घरून काम करते, घरी एकटी असते, हे माहीत होतं; पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. बराच वेळ बोललो त्यावर. शेवटी असं ठरवलंय की रोजच्या ऐवजी एक दिवसाआड बोलायचं, आणि संध्याकाळी दोघींनी आपापल्या घरून चालायला निघताना फोन लावायचा. माझा ठरलेला फेरा झाला आणि मी घराच्या दाराशी आले की फोन ठेवायचा. "बरं मग"ची गरज नाही. तिचं बोलणं होईल, माझं चालणं होईल. शिवाय तिने वाचनालयात जाऊन काम करून बघावं असं सुचवलंय, सावरीताईंचा सल्ला जसाच्या तसा.

खारुताई

मस्त! आणि एखाद्या दिवशी तिला जास्त बोलायचं असेल तर?

दिवेलागण

तर ती आधी सांगणार, आणि मी लांबचा रस्ता घेणार.

कुंभार

मला कळवत जा. लांबचे रस्ते मला बरेच माहीत आहेत, आणि विषयही.